पिल्लांसाठी जंताचं लिक्विड: औषध एकदम चांगलं, सिरिंज मात्र बंडल

5 पैकी 4 स्टार, एक का कापला ते पुढे सांगते.

चिंगी, माझं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा पाच आठवड्यांची होती आणि बघणारा प्रत्येक जण म्हणायचा काय गुबगुबीत आहे. मलाही आधी तसंच वाटलं, पण हात फिरवला की पाठीचा कणा आणि फासळ्या बोटांना लागायच्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं टम्म. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि पायरँटेल आणि फेबँटेल ही जंतांची औषधं असलेलं हे पिल्लांचं लिक्विड लिहून दिलं. हिरड्या का बघितल्या तर हूकवर्म नावाचा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, त्यात लहान पिल्लू पार पांढरं पडतं. हिरड्या फिक्या असतील, शी काळी डांबरासारखी होत असेल तर घरी औषध पाजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

माझ्या बाटलीवर डोस किलोमागे 1 मिली आहे, दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत औषधाचं प्रमाण वेगळं असू शकतं म्हणून लेबल वाचाच. चिंगी 1.8 किलो भरली म्हणून 1.8 मिली. बाटली आधी चांगली हलवायची, तळाशी साका बसतो, न हलवता दिलं तर वरवरचं पातळच पोटात जातं. सिरिंज गालाच्या बाजूने आत घालून थोडं थोडं सोडायचं, सरळ घशात मारलं तर ठसका लागतो. चव आवडली असावी, तिने ओठ चाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीमधे पांढरट लांब किडे, बोटापेक्षा लांब, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले, आणि त्यातले दोन चक्क वळवळत होते. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला की औषध लागू पडलं नाही, जिवंत बाहेर आलेत. ते म्हणाले लागू पडलं म्हणूनच आलेत, पायरँटेलने जंत लुळा पडतो, आतड्याला धरून राहता येत नाही त्याला. एवढ्याशा पोटात हे सगळं होतं हे बघून मला रडूच आलं.

बरेच जण इथेच थांबतात आणि मग रिव्ह्यूमधे लिहितात की महिन्याभरात परत जंत झाले, औषध बोगस. अहो औषध बोगस नाही. राउंडवर्मच्या, म्हणजे शीत दिसले त्या लांब गोल जंतांच्या, अळ्या आईच्या अंगात सुप्त असतात, ती गाभण राहिली की जाग्या होऊन पिल्लात जातात, जन्माच्या आधीच, नंतर दुधातूनही जातात. पिल्लाच्या शरीरात फिरणाऱ्या त्या अळ्यांवर हे औषध चालत नाही, ते मारतं आतड्यातल्या जंतांना, त्यामुळे मागून आलेली बॅच मारायला दोन आठवड्यांनी परत द्यावंच लागतं. खरं तर सुरुवात दोन आठवड्यांच्या वयापासून हवी, मग आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पिल्लांची आई जवळ असेल तर तिलाही द्यायला लावा. आणि दर वेळी वजन नव्याने करा, दुसऱ्या डोसला चिंगी 2.7 किलो होती, जुन्याच मापाने दिलं असतं तर तिसरा भाग कमी गेला असता.

आता तो एक स्टार. सोबतच्या सिरिंजवरचे आकडे दुसऱ्या धुण्यातच पुसले गेले. ज्या औषधात सगळं मापावर आहे तिथे हे मला अजिबात पटलं नाही, मी मेडिकलमधून 5 मिलीची साधी सिरिंज आणली.

एक लक्षात घ्या, यात टेपवर्मचं, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या जंताचं, औषध नाही. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तो टेपवर्मचा तुकडा, त्याला प्राझिक्वांटेल लागतं आणि पिसवांचा बंदोबस्त लागतो, कारण तो जंत येतोच पिसू गिळल्यामुळे.

घरात लहान मुलं असतील तर शी रोजच्या रोज उचला. ताज्या शीतली राउंडवर्मची अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोनेक आठवडे तरी लागतात, पण एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात आणि मुलांच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंतही पोचू शकतात. माझा भाचा येतो तेव्हा हात धुतल्याशिवाय मी त्याला खायला देत नाही.

चिंगी आता पाच महिन्यांची आहे, पोट सपाट, अंगावर चकाकी आलीये. मागच्या आठवड्यात शीचा नमुना तपासला, एकही अंडं सापडलं नाही, तरी पुढचा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.