स्ट्रीमरवर यूट्यूब बघायचंय? मग आवाज टीव्हीतनं घ्या

सहा महिने झाले हा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वायफायनं घेऊन स्पीकरवर वाजवणारा डबा, वापरतोय म्हणून आता लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि मित्रांकडं दुसरे दोन डबे लावून बघितले तर व्हिडिओच्या बाबतीत तिन्हीकडं जवळपास तेच रामायण. गाणी ऐकायला हा डबा झकास आहे, त्यावर जास्त बोलत नाही. मला लिहायचंय ते व्हिडिओबद्दल, कारण मी डबा घेतला तो गाण्यांसाठी आणि घरात तो सगळ्यात जास्त चालतो कीर्तनासाठी.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं. गल्लीत अजून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, दिवसभर खटखट. आप्पांनी ३५ वर्षं चादरीच्या लूमवर काढली आणि त्यात कान गेले. म्हणजे आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, मग ते समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखतात, लूमवर सगळे तसंच बोलायचे म्हणे. त्यामुळं टीव्हीचा आवाज नुसता वाढवून काही होत नाही, आमच्या टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून आहेत, आवाज वाढवला की शब्द आणखीनच घोगरे होतात. माझ्याकडं अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आधीचीच होती, म्हटलं यूट्यूबचा आवाज त्यातनं काढू.

नवी पेठेतला दुकानदार म्हणाला होता, यूट्यूब चालतंय की, सगळं चालतंय. घरी आणून बघितलं तर डब्यातनं चित्र बाहेर काढायची सोयच नाही. मागं एचडीएमआय आहे पण ते टीव्हीकडनं आवाज आत घ्यायला, त्याला एआरसी म्हणतात, ते बघून बरेच जण फसतात. मोबाईलवर यूट्यूब उघडून कास्टचं, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं, बटण दाबलं तर यादीत टीव्हीचं नाव येतं, ह्या डब्याचं येतच नाही. यूट्यूब म्युझिकमध्ये मात्र येतं. म्हणजे गाणं चालेल, कीर्तनकार दिसणार नाही, आणि आप्पांना तर दिसलाच पाहिजे.

मग टीव्हीचा ब्लूटूथ डब्याला जोडला. आवाज सुंदर, मी खूश, आणि आप्पा दोन मिनिटांत म्हणाले, "ह्यो आधी बोलतोय आन् आवाज मागनं येतोय, कायच कळंना झालंय." मला आधी जाणवलंच नव्हतं हो. मग त्यांच्या शेजारी बसून नुसत्या टाळाकडं बघत राहिलो, मागच्या टाळकऱ्याचे दोन्ही टाळ एकमेकांवर आपटून परत सुटलेले असायचे तेव्हा कुठं किण्ण ऐकू यायचं. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही. बहिणीच्या आयफोनवरनं एअरप्लेनं, म्हणजे फोनचा आवाज वायफायनं डब्यावर पाठवून, लावलं तर बरोबर जुळलं, कारण तिथं फोनच चित्र थोडं थांबवून धरतो, पण तेवढ्याशा स्क्रीनवर ओठ कुठं दिसणार आप्पांना.

ह्यात एक गोष्ट नीट समजून घ्या. आवाज चित्राच्या पुढं असेल तर त्याला मागं ढकलता येतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये लिपसिंकची पट्टी असते ती तेवढंच करते. पण आवाजच मागं राहिला असेल तर त्याला पुढं ओढता येत नाही, चित्रालाच थांबवावं लागतं आणि ते आमच्या टीव्हीला जमत नाही. मी ती पट्टी तासभर इकडं तिकडं करत बसलो, फुकट.

माणसाला किती फरक कळतो ह्याचाही हिशोब झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी १३५९ नावाची शिफारस आहे, त्यात आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की बघणाऱ्याला कळायला लागतं असं धरलंय. उशीर जास्त खपतो ह्याचं मला नवल नाही वाटलं, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरचं दारूकाम लांबनं बघताना आधी उजेड दिसतो, मग धडाम, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो, आपल्याला त्याची सवयच असते. पण ओठ वाचणाऱ्या माणसाला एवढी सूट चालत नाही.

शेवटी जमलं ते असं. यूट्यूब टीव्हीवरच लावायचं, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टमधनं केबल डब्याला, आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटोवरनं काढून पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या सरळ आवाजावर. हे नाही केलं तर यूट्यूब चालतं पण बाकीच्या अ‍ॅपवर डॉल्बीवालं (डॉल्बी कंपनीच्या पद्धतीनं आवाज दाबून बांधलेलं) काही लावलं की एकदम शांतता, माझ्या डब्याला डॉल्बी उलगडता येत नाही. मला वाटलं डबा बिघडला, दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल केबलनंही हेच काम होतं, फक्त टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमीजास्त होत नाही बहुतेक ठिकाणी.

एवढं करूनही आप्पा म्हणाले अजून थोडं मागं आहे. ते निघालं रूम करेक्शनमुळं. म्हणजे डबा खोलीतला घुमणारा आवाज ओळखून दुरुस्त करतो, त्याला आवाज थोडा साठवून हिशोब करावा लागतो, आणि तेवढ्यात चित्र पुढं निघून जातं. ते फक्त एचडीएमआयसाठी बंद करता येतं, केलं, आणि टाळ न् किण्ण एकत्र आले. त्या दिवशी आप्पांनी अख्खं कीर्तन बघितलं, मधेच कीर्तनकाराच्या आधी ओवी स्वतःच पुरी केली, आई स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन बघत उभी राहिली.

आवाजाचा दर्जा विचाराल तर, डब्यावर २४ बिट १९२ किलोहर्ट्झ असा भारी दर्जाचा आकडा लिहिलाय त्याचा यूट्यूबशी संबंध नाही. यूट्यूबचा आवाज साधारण १३० ते १६० केबीपीएसचा (सेकंदाला तेवढे हजार बिट) असतो, सीडीचा १४११. तरी टीव्हीच्या स्पीकरपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडतो कारण फरक स्पीकरचा आहे. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या मैफिली मी रात्री लूम बंद झाल्यावर लावतो, मोनो रेकॉर्डिंग आहे पण आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधे येऊन बसतो, कॅसेटची सरसरसुद्धा ऐकू येते आणि मला ती आवडते.

आता तक्रार. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट जाते-येते, इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर करंट तुटतो तेवढ्यात हा डबा बंद होऊन परत सुरू होतो आणि एचडीएमआय विसरून वायफायवर जाऊन बसतो. टीव्हीवर कीर्तनकार हातवारे करतोय आणि आवाज शून्य. कंपनीला दोनदा मेल केला, अपडेट येईल म्हणाले, अजून आलेलं नाही. एवढे पैसे घेऊन शेवटचा इनपुट लक्षात ठेवता येऊ नये हे मला पटत नाही.

फक्त टीव्हीसाठीच घ्यायचं असेल तर हा घेऊ नका, साध्या साउंडबारनं भागेल. गाणीही ऐकत असाल आणि चांगले स्पीकर घरात असतील तर घ्या, पण एआरसी किंवा ऑप्टिकल आहे का ते बघूनच, आणि दुकानात गाणं नको, बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावायला सांगा.

आमच्या रिमोटवर एचडीएमआयच्या बटणावर आईनं तिची लाल टिकली चिकटवलीये. लाइट आली की आप्पा टिकली दाबतात.