बर्टविसल कुठले? जनगणना की चर्चच्या वह्या

मैत्रिणीचं सासर इंग्लंडचं, आडनाव बर्टविसल. मूळ शोधायचंय, पण १८८१ची जनगणना आधी चाळावी की चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदवह्या, यात ती अडकलीय.

खर्चात जनगणना सरस, तिची सूची ऑनलाइन फुकट बघता येते. वह्यांसाठी बऱ्याचदा वर्गणी भरावी लागते.

कष्टांचं विचाराल तर वह्या जीव काढतात. १७३३पर्यंत कित्येक नोंदी लॅटिनमध्ये, आणि कारकून कानावर पडेल तसं लिहिणार: बर्टविसल, बर्टव्हिसल, बर्टविझल. सगळी रूपं शोधावी लागतात.

पल्ला मात्र वह्यांचाच. त्या १५३८पासून सुरू होतात, मध्ये सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात खिंडारं आहेत. जनगणना म्हणजे ३ एप्रिल १८८१च्या रात्रीचा एकच फोटो. पण त्यात जन्मगाव असतं, आणि इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातली या आडनावाची दाटी लगेच दिसते. आडनाव तिथल्याच पॅडिहॅमजवळच्या एका जागेवरून पडलं; ‘ट्विसल’ म्हणजे ओढ्यांचा संगम. आपल्या ‘कर’वाल्यांसारखंच, फक्त ‘कर’ न लावता!

आडनाव कुठे पसरलं एवढंच हवं असेल, तर जनगणना पुरे. खापरपणजोबांच्याही मागे जायचं असेल तर जनगणनेतून गाव काढा, मग त्याच गावच्या वह्या उघडा.