इस्वातिनीच्या राजावर दबाव: सवलत काढायची की शेजाऱ्यांना मध्ये घालायचं?

तुमच्या युनियनमध्ये किंवा कॉलेजच्या ग्रुपमध्ये इस्वातिनीतल्या लोकशाहीसाठी ठराव करायचा असेल तर पहिला वाद हाच होतो की नेमकं मागायचं काय, व्यापारी सवलती काढून घ्या म्हणायचं की शेजारच्या देशांनी राजाला चर्चेला बसवावं म्हणायचं. दोन्ही करून झालंय, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हे जुनं स्वाझीलँड, दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकच्या मध्ये, बारा लाखांच्या आसपास लोक. १२ एप्रिल १९७३ ला राजा सोभुझा दुसरा याने घटना गुंडाळली आणि पक्षांवर बंदी घातली, १९८६ पासून त्याचा मुलगा म्स्वाती तिसरा गादीवर आहे. २००५ ची नवी घटना आली तरी पक्षाच्या नावावर निवडणूक लढता येत नाही आणि पंतप्रधान राजाच नेमतो.

आता सवलतीचं बघू. अमेरिकेच्या आगोआ कायद्याखाली आफ्रिकेतल्या पात्र देशांचा बराच माल तिकडे बिनशुल्क जायचा, ती सवलत १ जानेवारी २०१५ पासून इस्वातिनीची काढली. आणि नुसतं ‘लोकशाही आणा’ असं नव्हतं, पाच अटी लिहून दिल्या होत्या, कामगार महासंघांची नोंदणी होऊ द्या, दहशतवादविरोधी कायदा बदला, सभा-मोर्चांचा कायदा बदला वगैरे. नोंदणी रद्द झालेला टुकोस्वा हा महासंघ २०१५ मध्ये परत नोंदला गेला, कायदे बदलले आणि २०१८ च्या सुरुवातीला सवलत परत मिळाली. म्हणजे राजा हलला, हे मान्य करायलाच हवं.

पण किंमत कुणी दिली? मात्सापा या तिथल्या औद्योगिक गावातल्या कापड कारखान्यांमध्ये मशीनवर बसून अमेरिकेसाठी कपडे शिवणाऱ्या बायकांनी. ऑर्डरी आटल्या, कारखाने बंद पडले, आणि ज्यांच्या युनियनच्या हक्कासाठी हे सगळं केलं त्यांचाच पगार आधी गेला, राजवाड्यातलं काही कमी झालं नाही. मला हे सगळ्यात जास्त टोचतं. शिवाय जो कायदा बदलून घेतला, त्याच दहशतवादविरोधी कायद्याखाली म्दुदुझी माबुझा आणि म्थांदेनी दुबे हे दोन खासदार दोषी ठरले, २०२४ मध्ये एकाला २५ वर्षं आणि दुसऱ्याला १८ वर्षं. त्यांनी २०२१ मध्ये सुधारणांची बाजू घेतली होती.

दुसरा रस्ता म्हणजे सॅडक, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांची संघटना. जून २०२१ मध्ये पोलीस आणि लष्कराने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या, तिथल्याच मानवी हक्क आयोगाने ४६ मृत्यू नोंदवले. मग नोव्हेंबरमध्ये सॅडकच्या वतीने दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष रामाफोसा स्वतः गेले आणि राजाने राष्ट्रीय संवादाला हो म्हटलं. त्यानंतर वाट बघत बसायचं. या संवादासाठी धडपडणारे वकील थुलानी मासेको यांना २१ जानेवारी २०२३ ला रात्री घरात, बायको-मुलांसमोर, खिडकीतून गोळ्या घालून मारलं. संवाद झाला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तोही सिबायाच्या रूपात, म्हणजे राजाच्या गुरांच्या वाड्यात सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, एकेकाने माईकवर बोलायचं आणि शेवटचा शब्द राजाचा. याला वाटाघाटी कसं म्हणायचं?

खरं तर शेजाऱ्याच्या हातात अमेरिकेपेक्षा मोठं हत्यार आहे, कारण इस्वातिनीच्या तिजोरीतला मोठा हिस्सा दक्षिण आफ्रिकेसोबतच्या कस्टम्स युनियनमधून, म्हणजे एकत्र गोळा करून वाटलेल्या आयात करातून येतो, पण ते कधी बाहेर काढलंच नाही, नुसती विनंती केली, तारीख नाही, अट नाही. आणि अमेरिकेवर विसंबायचं तर जुलै २०२५ मध्ये तिने हद्दपार केलेली पाच माणसं याच राजाकडे पाठवली, ती ठेवली कुठे, तर मात्सापाच्याच तुरुंगात. ज्याच्याकडून असली कामं करून घ्यायची त्याला अटी कोण घालणार!

काही जण म्हणतात वर्णद्वेषाच्या वेळी बहिष्कार चालला ना, भारताने तर १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. बरोबर आहे, पण तिथे पुढे कितीतरी देश सोबत आले आणि बहिष्काराची हाक तिथल्या चळवळीनेही दिली होती, इथे एकट्या देशाने सवलत बंद-चालू केली.

त्यामुळे या दोनांतच निवडायचं असेल तर मी अटींच्या बाजूने आहे, पण सरसकट सवलत तोडायच्या नाही. ठरावात मी सॅडककडे तारीख मागेन, संवाद सिबायात नको, त्रयस्थ अध्यक्षाच्या हाताखाली हवा असं लिहीन, माबुझा आणि दुबे यांची नावं घालून, जो अजून तुरुंगात असेल त्याची सुटका मागेन, मासेको यांच्या खुनाचा बाहेरच्या लोकांकडून तपास मागेन, आणि आर्थिक दबाव आणायचाच तर तो राजघराण्याच्या मालमत्तेवर आणि प्रवासावर आणा, मात्सापाच्या शिवणाऱ्या बायकांच्या ऑर्डरींवर नको, हे वाक्य वेगळं, ठळक लिहीन. ठराव पाठवण्याआधी तो टुकोस्वाला दाखवून घ्या, त्यांना त्यातलं काय नको असेल ते काढून टाका.