अभ्रकाचा पडदा की ॲल्युमिनियमचा?

ग्रामोफोनला चावी बसते, तबकडी फिरते, पण गाण्याऐवजी नुसती खरखर आणि भणभण ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा साउंडबॉक्सचा असतो. साउंडबॉक्स म्हणजे पिन अडकवायची ती कुंकवाच्या करंड्याएवढी गोल डबी. मुंबईच्या चोर बाजारात जुनी डबी शोधायला गेलात तर समोर दोन कुळं येतील. एकात थरथरून आवाज काढणारा पडदा अभ्रकाचा, दुसऱ्यात नागमोडी घड्या पाडलेल्या पातळ ॲल्युमिनियमचा.

अभ्रकवाल्यांत जुना ‘एक्झिबिशन’ आणि त्यानंतरचा एचएमव्हीचा नं. 4 हे नेहमी दिसणारे. यांची दुरुस्ती घरच्या टेबलावर होते, आणि माझा कल इकडे असण्याचं मुख्य कारण तेच. यातला बिघाड बहुतेक वेळा रबराचा निघतो. पडद्याला दोन्ही बाजूंनी धरणारी रबरी नळी शंभर वर्षांत वाळून दगड होते. डबी ग्रामोफोनच्या नळीवर बसते तिथला मागचा रबरी गळाही तसाच कडक होतो. मग पडदा हलतच नाही आणि हवा भलतीकडून निसटते. जुनं रबर कोरून काढा, मऊ नळी कापून बसवा. नळीने पडदा नुसता धरायचा, आवळायचा नाही. पिनेची दांडी पडद्याला मधोमध जिथे मिळते तिथे मेणाचा बारीक थेंब सोडा. दांडी जोडल्यावर पडदा एका बाजूला ओढला जात असेल तर दांडीचे स्क्रू पुन्हा जुळवा. इथे घाई केली की ‘सा’सुद्धा फाटका येतो. अभ्रक मात्र उजेडात धरून बघूनच घ्या. पापुद्रे सुटून पांढरे ढग दिसत असतील तर पडदाही बदलावा लागेल.

ॲल्युमिनियमवाले 1925 नंतरचे. त्या वर्षी मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, तबकडीत खर्ज आणि वरच्या सुरांची धार दोन्ही वाढले, आणि ते पेलायला हलका, ताठ पडदा लागला. अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीचा ऑर्थोफोनिक आणि एचएमव्हीचे 5ए, 5बी हे याच कुळातले. धडधाकट सापडला तर आवाजात अभ्रक त्याच्यापुढे फिका पडतो, हे मान्य. पण धडधाकट सापडायला हवा. ऑर्थोफोनिकचं अंग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचं आहे. त्या काळच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून कुजतो, फुगतो, बारीक भेगा पडतात आणि स्क्रू जागच्या जागी जखडतात. यावर इलाज नाही. शिवाय दांडीखालच्या पोलादी गोळ्या मोहरीएवढ्या. एक फरशीवर पडली की संध्याकाळ गेली! पडद्याला चीर किंवा पोचा असेल तर तो सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

म्हणून आधी घरच्या तबकड्या बघा. गौहर जान यांच्या 1902 सालच्या ध्वनिमुद्रणासारखा, कर्ण्यात गाऊन भरलेला जुना माल असेल तर अभ्रकच शोभतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 नंतरच्या तबकड्या किंवा सैगल ऐकायचे असतील तर चांगला 5ए शोधण्यात वेळ घालवा. दोन्ही प्रकारचा संग्रह असेल तर मी आधी नं. 4 घेईन. नव्या तबकड्यांचा जोरकस आवाज त्याच्यावर मधूनच फुटतो, पण तो दुरुस्त करून वापरता येतो.

चकचकीत पितळी कर्ण्याच्या नकली ग्रामोफोनवरचा नवा साउंडबॉक्स हा तिसरा पर्याय. तो दिवाणखान्यातल्या शोभेपुरता. अक्षरं पुसट, जोड ढिले, आवाज डब्यातून आल्यासारखा.

दुकानात जाताना भिंग, लहान पेचकस आणि तुमच्या ग्रामोफोनच्या नळीच्या तोंडाचं माप बरोबर न्या. दुकानदाराला विचारून आतल्या, न दिसणाऱ्या कडेला हलकासा ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. जस्त असेल तर कडेच्या भेगा भिंगाखाली नीट तपासा. आणि घरी आणल्यावर चिंच-मीठ लावून घासू नका. निकेलचा मुलामा जातो, आणि ज्या अक्षरांवरून डबी ओळखली तीही त्याच्याबरोबर झिजतात.