पुरानंतरचा खर्च : गोळीवर की खाटेवर?
सांगलीत कृष्णेचा पूर ओसरला की खर्चाच्या दोन वाटा दिसतात.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राची वाट: पाण्यात क्लोरीन, आशाताईंची घरोघर फेरी, चिखल उपसणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी. गोळी काही रुपयांची.

दुसरी वाट मिरजेच्या अतिदक्षता विभागात जाते. ही गोळी जो रोखू शकते, त्या लेप्टोस्पायरोसिसने (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूसंसर्ग) मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस. उशाशी घरचं माणूस बसतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. आधीच पीक वाहून गेलेलं, त्यात कर्ज. मग पहिला घाव बसतो तो बहुधा मुलीच्या शाळेवर.

१८९४ पासून मिरजेत रुग्णसेवेची परंपरा आहे, ती हवीच. पण पहिला रुपया उपकेंद्राला मिळावा, असं मला ठामपणे वाटतं. २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरणही दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेलाच द्यायला सांगतं.