रविवारचा तौलनिक राज्यघटना वर्ग : एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी दर रविवारी तौलनिक राज्यघटनेचा वर्ग भरतो. राजा, संसद आणि संघराज्य ही तिन्ही अंगे ज्या देशांत एकत्र नांदतात, त्यांचा कारभार तेथे मराठीतून शिकवला जातो. शुल्क बेताचे आहे आणि शेवटची एसटी मिळेल अशा बेताने वर्ग सुटतो.

सरांनी सुरुवात आपल्याच देशापासून केली, हे मला फार मोलाचे वाटले. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज हेच भारताचे औपचारिक राष्ट्रप्रमुख होते. त्यांच्या वतीने आधी माउंटबॅटन व नंतर राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते, पण निर्णय नेहरूंचे मंत्रिमंडळ घेत होते आणि मध्य प्रांत व वऱ्हाडचा कारभार रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ नागपुरातून पाहत होते. सही कोणाची आणि निर्णय कोणाचा, हा भेद यानंतर वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

ऑस्ट्रेलियावरील व्याख्यान तर सर्वोत्तम होते. १९७५ मध्ये राज्यांना समान प्रतिनिधित्व देणाऱ्या सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, खर्चाची विधेयके अडवून धरली, आणि कनिष्ठ सभागृहात बहुमत असतानाही पंतप्रधान व्हिटलम यांना गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी ११ नोव्हेंबरला पदावरून दूर केले. राजाच्या प्रतिनिधीचे राखीव अधिकार, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना वापरता येणारे अधिकार, कोठवर चालावेत, यावर मुलांनी, विशेषतः मुलींनी, हिरिरीने मते मांडली. मलेशियाचा राजा नऊ वंशपरंपरागत राज्यकर्त्यांमधून पाच वर्षांसाठी निवडला जातो, हेही थोडक्यात आले.

उणीव आहे ती अधिकारवाटपाच्या भागात. शेषाधिकार, म्हणजे घटनेत कोणालाही नेमून न दिलेल्या विषयांवरील अधिकार, कॅनडात केंद्राकडे, तर ऑस्ट्रेलियात राज्यांकडे आहेत, एवढे सांगून टिपणे थांबतात. कॅनडात शेती हा केंद्र व प्रांत या दोघांचाही विषय आहे आणि कायद्यांत विरोध आल्यास केंद्राचा कायदा टिकतो. आपल्याकडे शेती राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या विषयांच्या यादीत, आहे. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतील मुले समोर बसलेली असताना ही तुलना सविस्तर व्हायलाच हवी होती.

प्रवेश घेणाऱ्यांनी आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद ७४ (राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला) आणि १६३ (राज्यपालांना मंत्रिमंडळाचा सल्ला) आधी वाचून जावे, कारण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची प्रत्येक तुलना सर त्यांच्याशीच करतात आणि ते अनुच्छेद वर्गात पुन्हा शिकवत नाहीत.