पाच एचपीचं स्टिकर, दोन एचपीची हवा

घरी जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करणाऱ्यांना सँडब्लास्टर, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत कण मारून गंज आणि रंग काढणारं यंत्र, विकताना लोक पॉट, म्हणजे ते कण (ब्लास्टिंगचा माल) भरायची टाकी, दाखवतात. लाल रंगाचा, चाकांवरचा, दिसायला भारी. पण पॉट म्हणजे शेवटी एक टाकी, दोन कॉक आणि एक होज; त्यात लपवण्यासारखं फार काही नसतं. खरी लबाडी होते ती कॉम्प्रेसरमध्ये, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही आणि स्टिकरवर काहीही छापता येतं. माझ्या बाबतीत कॉम्प्रेसर, नॉझल आणि ब्लास्टिंगचा माल, तिन्हींत लबाडी निघाली. एकूण बिल लाखाला थोडं कमी.

गाडी १९८७ ची पद्मिनी. दरवाज्याखालचा पत्रा सडलेला, डिकीच्या कोपऱ्यांत गंज, आणि मागच्या मालकाने त्यावर लांबी (पुट्टी) थापून वर रंग मारलेला. पुण्यात धायरीला मामांच्या गोडाऊनमागे पत्र्याची शेड आहे, तिथे काम धरलं. बोहरी आळीत चौकशी केली, तिथे छोटे सक्शनवाले ब्लास्टर मिळतात. मोठा पॉट आणि कॉम्प्रेसरचा जोड मात्र भोसरीकडच्या एका गाळ्यात मिळाला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

आधी हवेचा हिशेब सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ३ मिलिमीटरच्या नॉझलमधून सहा बारच्या दाबाला मिनिटाला साधारण २० घनफूट, म्हणजे २० सीएफएम हवा जाते. नॉझल ५ मिलिमीटरचं घेतलं तर हाच आकडा पंचावन्नच्या पुढे जातो, कारण हवा भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते. उलट पिस्टन कॉम्प्रेसर एका एचपीमागे कामाच्या दाबाला जेमतेम तीन-साडेतीन सीएफएम देतो. त्यातही पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन किती हवा ओढतो तो. बाहेर प्रत्यक्ष येणारी हवा, एफएडी, त्याच्या पाऊणपटही भरली तर नशीब. म्हणजे लहानातल्या लहान नॉझलने न थांबता काम करायचं तर साडेसात एचपीच्या आसपासचा कॉम्प्रेसर लागतो, आणि त्याला थ्री फेज कनेक्शन. घरगुती सिंगल फेजवर ते जमत नाही.

हे मी दुकानदाराला काउंटरवरच बोलून दाखवलं. तो हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही अभ्यास करून आलाय, बरं वाटलं. म्हणूनच तुम्हाला हा पाच एचपीचा देतोय. सिंगल फेजवर चालतो, इंपोर्टेड वाइंडिंग आहे, २० सीएफएम एफएडी." मोटरवर चकचकीत ॲल्युमिनियमचं स्टिकर, त्यावर तेच आकडे. मग डेमो. टाकी १६० लिटरची, आम्ही पोचलो तेव्हाच आठ बारला भरून बंद झालेली. पोऱ्याने गंजलेला ब्रॅकेट शिकंज्यात धरला, नॉझल उघडलं, आणि खरोखर बघत राहावं असा पांढराशुभ्र पत्रा खालून वर आला. मिनिटभर. तेवढ्यात मालकाने हात वर केला, पोऱ्याने कॉक बंद केला, आणि माझ्या हातात चहाचा कप आला. "बघा साहेब, चांदी!" त्या मिनिटाचं गणित नंतर केलं तेव्हा कळलं की तो हात अगदी वेळेवर वर झाला होता. १६० लिटरची टाकी आठ बारवरून पाचवर उतरेपर्यंत ४८० लिटर हवा सोडते, आणि त्या काळात कॉम्प्रेसर थोडीफार भर घालतोच. अजून अर्धं मिनिट चाललं असतं तर नॉझल फुसफुसायला लागलं असतं.

धायरीला तेच झालं. मिनिटभर जोर, मग दाब तीन बारवर, आणि नॉझलमधून मालाची नुसती धार. फोन केला की दर वेळी नवीन कारण. पावसाळा आहे, हवेत पाणी येतं, माल गोळा होतो. व्होल्टेज कमी असेल. एक्स्टेंशनची वायर बारीक आहे, तिच्यात करंट मरतो. आणि बदमाशी अशी की यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं असतं. पुण्यात जुलैमध्ये टाकीतून पाणी निघतंच, वॉटर सेपरेटरशिवाय पॉटमधला माल चिकटतोच. मी सेपरेटर बसवला, वायर जाड घेतली, मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढली. दाब तिथेच.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने मोटर चालू असताना वायरीला टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला, टाकी भरत आली तेव्हा करंट साडेनऊ अँपिअर. मान वर न करता म्हणाला, "दादा, ही दोनची आहे." गणित त्याच्या तोंडपाठ होतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पाच एचपी म्हणजे शाफ्टवरच ३,७३० वॅट. १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३,६८० देतो. म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगची मोटर पाच एचपीची असूच शकत नाही. मोटर शंभर टक्के कार्यक्षम असली तरी नाही. खरी पाच एचपीची सिंगल फेज मोटर पंचवीस अँपिअरच्या पुढे खेचते. मग बायकोचा हेअर ड्रायर आणून ते ॲल्युमिनियमचं स्टिकर गरम केलं आणि कोपऱ्यातून नखाने उचललं. खाली मूळ पाटी, चार रिव्हेट्सनी ठोकलेली. त्यावर १.५ किलोवॅट. आणि पाटीचा अनुक्रमांक मात्र ग्राइंडरने घासून काढलेला.

टाँग टेस्टर प्रत्येकाकडे नसतो, पण मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असतं. दुकानातच टाकीचा खालचा ड्रेन कॉक उघडून काटा शून्यावर आणायचा, कॉक बंद करायचा, मोटर सुरू करायची आणि सात बारपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचं. लिटरला बारने गुणा, मिनिटांनी भागा, आलेल्या लिटरला २८.३ ने भागा: हा तुमचा सीएफएम. माझ्या टाकीला साडेसहा मिनिटं लागली. ११२० भागिले साडेसहा म्हणजे १७२ लिटर, म्हणजे सहा सीएफएम. स्टिकर खरं असतं तर दोन मिनिटांत भरली असती. हे करू न देणाऱ्या दुकानदाराकडे "लाइट गेली", "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय, थंड मोटर लगेच पळवायची नाही" अशी कारणं तयार असतात.

नॉझल टंगस्टन कार्बाइडचं म्हणून दिलं होतं, किंमतही तशी. गार्नेट या ब्लास्टिंगच्या कडक खनिज मालासमोर टंगस्टन कार्बाइडची आयुष्यं शेकडो तासांत मोजतात, साधं सिरॅमिक त्यामानाने फार लवकर झिजतं. थोडंच काम झालं आणि आमच्या डेंटर मिस्त्रींनी ४ मिलिमीटरचं ड्रिल बिट उलटं धरून दांड्याकडून ३ मिलिमीटरच्या नॉझलमध्ये घातलं. अलगद आत गेलं. म्हणजे आता त्याला छत्तीसच्या आसपास सीएफएम हवं, आणि कॉम्प्रेसर देतोय सहा. नॉझल हातोडीने फोडलं. बाहेरून करडा रंग, आत खडूसारखं पांढरं. न फोडताही ओळखता येतं: टंगस्टन कार्बाइड लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड, सिरॅमिक लोखंडाच्या निम्मं. सराफाकडे जायला नको, हातावर तोललं तरी कळतं.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो मालाचा. गार्नेट म्हणून २५ किलोची पोती दिली. गार्नेट लालसर, गुलाबीकडे झुकणारं, जड असतं. पोत्यातला माल वरून लाल दिसत होता. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, धूळ लई उडतीय, गार्नेटची एवढी उडत नाही." स्वयंपाकघरातलं एक लिटरचं माप भरून वजन केलं: दीड किलोच्या थोडं वर. गार्नेट एका लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरायला हवं. मग स्टीलच्या वाटीत पाणी घालून माल चोळला. पाणी विटकरी झालं आणि बोटांखाली उरले ते पांढरे, काचेसारखे कण. रंगवलेली वाळू.

ही नुसती पैशाची फसवणूक नाही. वाळूत सिलिका असते. ब्लास्टिंगमध्ये कण फुटून तिची इतकी बारीक धूळ होते की ती थेट फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्येही तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता, आणि ब्रिटनने वाळूने ब्लास्टिंग करणं १९५० च्या सुमारासच बंद केलं. मिस्त्री आणि मी, दोघंही कार्ट्रिज फिल्टरचा मास्क लावून काम करत होतो, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. कापडी रुमाल बांधून काम करणारा एखादा पोरगा त्या जागी असता तर? दुकानदाराला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "साहेब, नाव काहीही असू द्या, गंज निघतोय ना?"

"पूर्ण गाडी एका दिवसात" हे त्याचं आणखी एक वाक्य. कॉम्प्रेसर खरा असता तरी ते खोटंच. बॉनेट, टप, दरवाजे यांचा सपाट पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्यावर कडक माल जोरात मारला की पत्र्याची एक बाजू लाखो बारीक घावांनी ताणली जाते आणि तो फुगतो. लोक म्हणतात गरम होऊन वाकला. गरम होत नाही, ठोकला जातो. सपाट पॅनेलना केमिकल स्ट्रिपर किंवा डिस्क, आणि ब्लास्टिंग फक्त सस्पेन्शनचे भाग, ब्रॅकेट, सांधे आणि कोपरे यांना. साफ झालेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. पावसाळ्यात तर संध्याकाळपर्यंत त्यावर पिवळसर झाक येते. पॉटवर ना कसली पाटी होती ना हायड्रो टेस्टचा (पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीचा) आकडा, सेफ्टी व्हॉल्व्हही नव्हता. तो पॉट मी वापरणं तिथेच थांबवलं.

आता बिलाची गोष्ट. खरेदीच्या वेळी दुकानदार फार प्रेमाने म्हणत होता, "एखाद्या फर्मच्या नावाने घ्या ना, १८ टक्के जीएसटी परत मिळेल." फर्म नाहीच, म्हणून स्वतःच्या नावाने पक्कं बिल घेतलं. घरी नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरांत "औद्योगिक वापरासाठी" छापलेलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जाते, आणि ही मंडळी ती पळवाट आधीच बिलावर छापून ठेवतात. नुसतं छापल्याने खासगी वापर व्यावसायिक होत नाही, पण वाद घालायला त्यांना जागा मिळते. माझ्याकडे गाडीचं आरसी माझ्या नावावर, कामाचे फोटो, आणि "घरी एकच गाडी करायची आहे" असं मी आधीच त्याला लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज आहे. बिलावर एचपी आणि एफएडी लिहून घेतलं होतं ते आता सगळ्यात उपयोगी पडतंय. "एअर कॉम्प्रेसर, एक नग" एवढंच असतं तर सिद्ध काय करणार?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नोटीस. नोटिशीनंतर त्याने साठ टक्के देऊन कॉम्प्रेसर परत घ्यायची तयारी दाखवली, अट एवढीच की सोललेलं स्टिकर आणि फोटो त्याला द्यायचे. नाही म्हटलं. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

दरम्यान मिस्त्रींच्या ओळखीचा एक जण तिथेच जाऊन आला. टाकी रिकामी करून दाखवा, असा त्याने आग्रह धरला. मालकाने हसत हसत ड्रेन कॉक उघडला, काटा शून्यावर आणला, मोटर लावली आणि टाकी खरंच दोन मिनिटांत भरली. हा गडी चिकट. टाकीभोवती फेरी मारून आला. मागच्या बाजूला एक दुसरा होज जोडलेला, ताडपत्रीखालून शेजारच्या गाळ्यात गेलेला, आणि तिथे मोठा स्क्रू कॉम्प्रेसर धडधडत होता. तेव्हा वेळ मोजण्याआधी टाकीला जोडलेली प्रत्येक नळी स्वतःच्या हाताने काढून घ्या.